४६ ला चंद्रपूर जगतं, मग ३५ ला माणूस कसा मरतो?

तुमचा प्रश्न म्हणजे खरंतर तीन प्रश्न आहेत त्यामुळे उत्तर लांबणार, ताकाचा ग्लास घेऊन बसा. पहिला, पेपरात आलं की "३५ अंश वेट बल्बला धडधाकट माणूसही सहा तासांत मरतो", मग आमच्या चंद्रपुरात ४६ असतं तरी बाजार कसा भरतो. दुसरा, हे आकडे काढतात कसे, माणसांना भट्टीत बसवतात का. आणि तिसरा तुम्ही शेवटी एका ओळीत टाकलाय पण मला वाटतं मनातला प्रश्न तोच आहे, की वडील ६८ चे, पत्र्याच्या शेडमधे दुकान, बीपीची गोळी चालू, आणि दिवसभर टेबल फॅन तोंडावर घेऊन बसतात तर ते पुरतं का.

मी फिजिऑलॉजीवाली, म्हणजे शरीर काम कसं करतं त्याचा अभ्यास. १७ वर्षं हेच काम, अर्धा काळ क्लायमेट चेंबरमधे (हवी तशी उष्ण-दमट हवा करता येते अशी बंद खोली) आणि अर्धा वीटभट्ट्या आणि उसाच्या फडात. मूळची अकोल्याची, त्यामुळे ४६ चं कौतुक मला सांगू नका :)

आधी वेट बल्बचं. हवामानाच्या पुस्तकातली व्याख्या बाजूला ठेवा आणि घरातला माठ आठवा. तोच माठ, तेच पाणी, अकोल्यात मे महिन्यात दात शिवशिवतील इतकं गार होतं आणि दादरला मावशीकडे नेऊन ठेवला तर माठ नुसता बाहेरून ओला राहतो, पाणी आपलं कोमट ते कोमट. का, तर माठ गार होतो तो झिरपलेलं पाणी वाळतं म्हणून, आणि दादरच्या हवेत आधीच इतकी वाफ आहे की वाळायला जागाच नाही. कूलरचंही तेच, विदर्भात कूलर म्हणजे जीव की प्राण आणि मुंबईत लावलात तर खोलीची बाथरूम होते. थर्मामीटरच्या बुडाला ओली वात गुंडाळून त्यावर जोरात हवा सोडली की पारा जिथपर्यंत उतरून थांबतो तो वेट बल्बचा आकडा. म्हंजे त्या दिवशी, त्या हवेत, ओली वस्तू जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल तो आकडा. माठाचा आकडा म्हणा ना.

आता हिशोब करून बघा. चंद्रपूरला ४६ अंश आणि दमटपणा १५ टक्के असेल तर वेट बल्ब येतो साधारण २४-२५. मुंबईला ३४ अंश आणि ७० टक्के असेल तर येतो २९ च्या आसपास. म्हणजे माठाच्या भाषेत मुंबई जास्त गरम. पेपरातला ३५ हा वेट बल्बचा ३५ आहे, तुमच्या मोबाईलवर दिसतो तो ३५ नाही, आणि इतका वेट बल्ब पृथ्वीवर फार क्वचित आणि फार थोड्या ठिकाणी येतो.

पण म्हणून "चला चंद्रपूर सेफ आहे" असं म्हणून वाचायचं थांबवू नका, कारण गंमत पुढे आहे.

माणूस नुसता बसून असला तरी साधारण १०० वॅट उष्णता तयार करतो, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. ती बाहेर जायलाच हवी नाहीतर आतलं ३७ वर चढत जाणार. कातडीचं तापमान असतं ३५ च्या आसपास. हवा त्याहून गार असली तर उष्णता आपोआप जाते, पण हवा ३५ च्या वर गेली की गणित उलटं होतं, आता हवाच तुम्हाला तापवते, आणि हातात उरतो फक्त घाम. एक ग्रॅम घाम कातडीवर वाळला की सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाला एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ६७० वॅटची सोय झाली, फार मोठी ताकद आहे ही. पण वाळला तर! हनुवटीवरून टपटप गळणारा घाम फुकट गेला, त्याने पाणी पण गेलं, मीठ पण गेलं आणि गारवा शून्य. "मला खूप घाम येतो म्हणजे शरीर गार होतंय" हे कोकणात राहणाऱ्याने तरी म्हणू नये.

ही गोष्ट लोकांना कधी कळली तर १७७४ साली लंडनमधे, आणि तिथे खरंच भट्टीत माणसं बसवली होती. चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर आणि त्याचे मित्र (कॅप्टन कुकच्या जहाजावर गेलेला जोसेफ बँक्स पण त्यात होता) तापवलेल्या खोलीत जाऊन बसायचे. शेवटी शेवटी १२७ अंशापर्यंत गेले, आपल्या सेल्सियसमधे. काही मिनिटंच अर्थात. शेजारी ठेवलेली अंडी २० मिनिटांत कडक उकडल्यासारखी झाली, मांसाचा तुकडा शिजला, आणि हे लोक चालत बाहेर आले. पण मला त्यातला सगळ्यात आवडणारा प्रयोग वेगळाच आहे. त्यांनी त्याच खोलीत भांड्यात पाणी ठेवलं, खोली उकळबिंदूच्या किती वर, तरी पाणी उकळेना! मग पाण्यावर तेलाचा थर सोडला आणि पाणी उकळलं. उघडं पाणी वाफ होऊन स्वतःला गार ठेवत होतं, तेलाने ती वाट बंद केली. दमट हवा म्हणजे कातडीवरचं ते तेल. एवढं एक चित्र डोक्यात राहिलं तरी माझं अर्धं उत्तर झालं.

मग ३५ आला कुठून? शेरवूड आणि ह्यूबर ह्या दोघांचा २०१० चा पेपर. ते हवामानवाले, त्यांनी एकाही माणसाला हात लावला नव्हता, फक्त कागदावर गणित मांडलं की वेट बल्ब ३५ झालं तर ओल्या कातडीलाही उष्णता टाकायला जागा उरत नाही, मग माणूस कितीही तगडा असो, काही तासांत गेला. गणित बरोबरच आहे. पण त्यातला माणूस बघा कसा आहे: सावलीत, उघडा, पूर्ण भिजलेला, भरपूर वारा, काहीही काम करत नाही. असा माणूस मला तरी अजून भेटला नाही.

मग पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत लॅरी केनी आणि त्यांच्या टीमने खरी माणसं चेंबरमधे घातली, २०२२ साली निकाल आले. तरुण, निरोगी, आणि काम फक्त घरात वावरण्याइतकं हलकं. दमट हवेत मर्यादा निघाली ३०-३१ वेट बल्ब. ३५ नाही! आणि कोरड्या गरम हवेत, म्हणजे ४४ ते ५० अंशाच्या हवेत, ती अजून खाली, २५ ते २८. का? तिथे घाम वाळायला अडचण नाही, पण हवा इतकी उष्णता आत ओतते की घामाच्या ग्रंथी तेवढा घाम तयारच करू शकत नाहीत. माठ झिरपायला पण मर्यादा असते ना.

आता वर जा आणि चंद्रपूरचा आकडा परत बघा. २४-२५. मर्यादा २५ पासून सुरू. आणि ती मर्यादा सावलीतली, विशीतल्या पोरांची, हळू चालण्याची. डोक्यावर ऊन नाही, पाठीवर सिमेंटची गोणी नाही. तर बाजार कसा भरतो ह्याचं उत्तर असं की तो सकाळी भरतो, दुपारी १ ते ४ शटर खाली असतं, तोंडाला दुपट्टा बांधलेला असतो, लोक पिढ्यान्पिढ्या त्यात मुरलेले आहेत, आणि जे त्यात बसत नाहीत त्यांची मोजदाद फारशी होत नाही. त्यावर खाली येते.

चेंबर कसं असतं ते सांगते, कारण "भट्टी" म्हणालात. आमचं चेंबर एका मध्यम बेडरूमएवढं होतं, भिंती स्टीलच्या, कोल्ड स्टोरेजसारखं जाड दार आणि एक काचेची खिडकी. आत ट्रेडमिल, खुर्ची, पंखा. व्हॉलंटियर आदल्या रात्री किंवा पहाटे एक कॅप्सूल गिळून येतो, मोठ्या व्हिटॅमिनच्या गोळीएवढी, तिच्यात सेन्सर आणि छोटा ट्रान्समीटर, आतड्यातून आतलं तापमान बाहेरच्या रिसीव्हरला पाठवत राहते, दोन-एक दिवसांत आपल्या वाटेने निघून जाते (नाही, परत घेत नाही आम्ही, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो). ही टेक्नॉलॉजी मुळात नासाच्या कामातून आली. ज्यांना गोळी चालत नाही त्यांना गुदद्वारातून बारीक प्रोब, त्याला आमच्याकडे सगळे "शेपटी" म्हणायचे. छाती, दंड, मांडी, पोटरी इथे कातडीचे सेन्सर. आत जायच्या आधी कपडे काढून वजन, बाहेर आल्यावर अंग पुसून परत वजन, दहा-वीस ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा लागतो, प्यायलेलं पाणी आणि लघवी मोजून वजा-अधिक केलं की जो फरक उरला तो घाम.

मग तो चालायला लागतो, देवळाला प्रदक्षिणा घालतो तेवढ्या वेगाने. पहिला अर्धा तास कंटाळवाणा. आतलं तापमान ३७ वरून थोडं चढतं आणि सपाट होतं, शरीराने जम बसवलेला असतो. तिथून आम्ही दर पाच मिनिटांनी दमटपणा एक-एक पायरी वाढवत जायचो, बाकी सगळं तेच. ह्युमिडिफायरचा फुस्स आवाज यायचा आणि काचेला आतून वाफ धरायची. स्क्रीनवरची रेघ सपाट... सपाट... आणि मग एका पायरीला ती वाकते. एकदा वाकली की परत सपाट होत नाही, वरच जाते. ती वाकण्याची जागा म्हणजे मर्यादा. बस, एवढंच शोधायचं असतं. माणसाला बेशुद्ध पाडून बघत नाही कोणी, ३९ किंवा ३९.५ च्या आत, जे एथिक्स कमिटीने ठरवलं असेल तिथे, दार उघडायचंच, आणि त्याआधी तो नुसतं "बास" म्हणाला तरी उघडायचं.

पण रेघ वाकायच्या आधी मला कळायचं. काचेतून गप्पा चालू ठेवायची माझी सवय, क्रिकेट, परीक्षा, गर्लफ्रेंड, काहीही. बडबड्या पोरगा एक-एक शब्दात उत्तरं द्यायला लागला की मी घड्याळाकडे बघायची. एकाला मी १०० मधून ७ वजा करत जा म्हटलं, ९३, ८६, ७९ पर्यंत आला, मग ७१, मग हसला आणि म्हणाला "मॅडम, आकडा सोडा, पंखा लावा". इंजिनिअरिंगचा टॉपर होता तो. आतलं तापमान तेव्हा जेमतेम ३८.७. उन्हात मुकादम मजुराला ओरडतो ना की "सांगितलेलं कळत नाही का रे", तर खरंच कळत नसतं.

फजिती पण व्हायची. एकदा स्क्रीनवर आतलं तापमान एकदम ३३ दिसलं, माझ्या पोटात गोळा, जिवंत चालणाऱ्या माणसाचं ३३ कसं असेल! नंतर कळलं की ह्या महाशयांनी गोळी आदल्या रात्री न घेता येताना रिक्षात गिळली, ती जठरातच होती आणि वर गार पाणी प्यायला. सहा तासांचं सेशन वाया.

आत काय होतं ते थोडक्यात. गरम व्हायला लागलं की शरीर रक्त कातडीकडे वळवतं, लोरिंग रॉवेल ह्यांच्या १९७० च्या दशकातल्या कामातून दिसलं की अगदी टोकाला मिनिटाला ७-८ लिटरपर्यंत रक्त कातडीतून फिरू शकतं. एवढं रक्त आणायचं कुठून? हृदय जोरात पळतं, आणि पोटातल्या अवयवांचं रक्त कमी केलं जातं, आतडी आणि मूत्रपिंडं उपाशी. आतड्याचं अस्तर सैल होऊन तिथल्या जंतूंचं विष रक्तात झिरपतं आणि मग जे सुरू होतं ते गंभीर इन्फेक्शनसारखंच दिसतं. म्हणून उष्माघात म्हणजे "जास्त ताप" नाही. आणि म्हणूनच त्यात पॅरासिटामॉल देऊन उपयोग नाही, तापात मेंदूने थर्मोस्टॅट वर केलेला असतो तो ही गोळी खाली आणते, इथे थर्मोस्टॅट जागेवरच आहे, घर पेटलंय. उलट लिव्हरला त्रास. उष्णतेच्या लाटेत जास्त लोक जातात ते मात्र असे भोवळ येऊन पडून नाही, हृदयावरच्या ह्या ओझ्याने, आणि सर्टिफिकेटवर लिहिलं जातं हार्ट अटॅक.

इथे मोजदादीचं बोलते. अहमदाबादला २०१० च्या मे मधे ४६.८ पर्यंत पारा गेला होता. नंतर दिलीप मावळणकर आणि इतरांनी त्या महिन्यातले सगळे मृत्यू एरवीच्या मे शी ताडून बघितले, कारण काही लिहिलेलं असो, नुसती संख्या. १३४४ जास्त निघाले. १३४४! त्यातूनच २०१३ चा अहमदाबादचा हीट अॅक्शन प्लॅन आला, दक्षिण आशियातला पहिला. चेंबरवाल्यांना वाटतं सगळं शहाणपण चेंबरमधे आहे, पण ही मृत्यूच्या रजिस्टरची मोजणी माझ्या मते आपल्या देशात झालेलं ह्या विषयातलं सगळ्यात उपयोगी काम आहे.

आणि "मुरलेले" म्हणाले ते काय, तर त्याला शास्त्र आहे. ७ ते १४ दिवस रोज थोडा वेळ उन्हात काम केलं की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो, त्यात मीठ कमी जातं, नाडी कमी पळते. हे सगळ्यात पद्धतशीर शोधलं दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत, खोल खाण, खडक गरम, हवा दमट, मजूर पटापट मरायला लागले म्हणून. मग नव्या मजुरांना आठवडाभर वाफेच्या खोलीत ठोकळ्यावर चढ-उतार करायला लावून मगच खाली सोडायचे. ते मजूर काळे, निर्णय घेणारे गोरे, कन्सेंट फॉर्म वगैरे काही नाही. आज जगभरची नियमावली त्या घामावर उभी आहे, मी विद्यार्थ्यांना हे शिकवताना दोन्ही गोष्टी सांगते.

ह्याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय, तर पहिला दिवस सगळ्यात वाईट. अमेरिकेत कामावर उष्णतेने गेलेल्यांच्या नोंदी बघितल्या तर जवळपास निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी गेलेले. त्यामुळे तिकडे सल्ला असा की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात २० टक्केच काम, मग रोज २० टक्के वाढवा. आपल्याकडे उलट, नवा पोरगा आला की त्यालाच भट्टीच्या तोंडाशी उभा करायचा, जुने सावलीत. आणि कमावलेलं हे मुरणं तीन-चार आठवडे गारव्यात राहिलात की उतरतं. जो नागपूरचा पोरगा पुण्याच्या एसी ऑफिसातून मे मधे गावाकडे लग्नाला जातो आणि "मी इथलाच आहे" म्हणून दुपारी मांडवात नाचतो, तो आता तिथला राहिलेला नसतो.

फिल्डवर काम चेंबरपेक्षा कितीतरी अवघड. तिथे आम्ही तांब्याचा काळा गोळा असलेला थर्मामीटर, ओल्या वातीचा आणि साधा असे तीन लावतो, ओल्याला ७० टक्के, गोळ्याला २०, साध्याला १० टक्के वजन देऊन एक आकडा काढतो. हे सूत्र १९५७ चं, अमेरिकेत पॅरिस आयलंड ह्या लष्करी तळावर मरीन रिक्रूट उन्हात कोसळायचे त्यावरून याग्लू आणि मिनार्ड ह्यांनी काढलेलं. तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा चारी एकात येतात म्हणून अजून टिकलंय. ही तिपाई बघून लोक "रस्ता मोजायला आलात का" विचारतात. एका कारखान्यात मॅनेजरने आम्हाला बॉयलरपासून लांब, पाण्याच्या टाकीशेजारी उभं केलं, "इथूनच घ्या रिडिंग". घेतलं. बॉयलरशेजारच्या माणसाच्या खिशात तापमान नोंदवणारा छोटा लॉगर आधीच दिला होता.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच चेंबरमधे दिसली नसती. ऊसतोडीत फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात आम्ही सकाळ-संध्याकाळ वजन आणि लघवी तपासायचो. बायकांची लघवी दुपारपर्यंत इतकी गडद की मला वाटलं सॅम्पल चुकलं. त्यातली एक मावशी म्हणाली, "पाणी पिलं की जायला लागतं, आन् जायचं कुठं बाई? फडात समदे गडी." म्हणजे पाणी होतं, तहान होती, आडोसा नव्हता. माझ्या प्रश्नावलीत "पाणी उपलब्ध आहे का" हा प्रश्न होता, त्यावर सगळ्यांनी "हो" म्हटलेलं. मूत्रपिंडाचा हाच विषय निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या ऊसतोड कामगारांमधे फार भयंकर रूपात आलाय, तरुण पोरं किडनी जाऊन मेली, डायबेटिस नाही, बीपी नाही. आपल्याकडे चेन्नईच्या श्री रामचंद्र इन्स्टिट्यूटच्या विद्या वेणुगोपाल मिठागर आणि वीटभट्टीवाल्यांवर वर्षानुवर्षं काम करतायत, त्यांच्या टीमने तामिळनाडूत उन्हात काम करणाऱ्या गरोदर बायकांचाही अभ्यास केला, गर्भपाताचा धोका दुपटीच्या आसपास दिसला. चेंबरमधे मात्र कितीतरी दशकं फक्त पुरुषच घेतले, कारण पाळीच्या उत्तरार्धात बायकांचं आतलं तापमान थोडं वर असतं आणि त्याने "डेटा बिघडतो" म्हणे.

आपल्या लोकांना दमट उन्हाचा धडा मिळाला तो खारघरला, १६ एप्रिल २०२३. पुरस्कार सोहळा, उघडं मैदान, लाखो माणसं तासन् तास उन्हात, १४ गेले. पारा चाळीसच्या खाली होता. विदर्भातला माणूस म्हणेल हे काय ऊन आहे का. पण खाडीकाठची हवा, खच्चून गर्दी म्हणजे वारा बंद, आणि प्रत्येक शेजारी १०० वॅटचा बल्ब. हे कुठल्याही हवामान खात्याच्या आकड्यात येत नाही.

आता वडिलांचं.

फॅन. सिडनी युनिव्हर्सिटीत ऑली जे ह्यांच्या टीमने २०१९ मधे नेमका हाच प्रश्न चेंबरमधे घातला. ४० अंश आणि ५० टक्के दमटपणा, तिथे पंख्याने फायदा झाला. ४७ अंश आणि १० टक्के, म्हणजे जवळजवळ तुमचं चंद्रपूर, तिथे पंख्याने नुकसान केलं, आतलं तापमान आणि हृदयावरचा ताण दोन्ही वाढले. कारण कोरड्या हवेत घाम तसाही लगेच वाळतोय, पंखा वरून फक्त झळ मारतो, इस्त्रीसमोर बसल्यासारखं. नंतर त्यांनी साधे आकडे काढले: नुसता पंखा तरुणांना ३९ अंशापर्यंत, म्हाताऱ्यांना ३८ पर्यंत, आणि घाम कमी करणारी औषधं चालू असतील तर ३७ पर्यंतच. वडील ६८ चे, म्हणजे दुकानात ३८ च्या वर गेलं की कोरडा पंखा बंद. त्याऐवजी कूलर, नाहीतर पंखा हवाच असेल तर दंड, मान, पोटऱ्या दर दहा-पंधरा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसायच्या आणि मग पंखा. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, तो आपण बाहेरून लावायचा, पाणी फुकट आहे. दीडशे रुपयांचा थर्मामीटर आणून गल्ल्याशेजारी लावा, मोबाईलवरचा आकडा सावलीतल्या वेधशाळेचा असतो, पत्र्याखालचा नाही. पत्रा खालून पण तापतो आणि भट्टीच्या भिंतीसारखी उष्णता अंगावर टाकतो. वर पांढरा चुना किंवा पांढरा रंग मारा, खाली बांबूची चटई किंवा गोणपाट ताणा, समोरून वाळ्याची ताटी.

बीपीची गोळी कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीये. लघवी होणारी असेल तर पाणी-मीठ दोन्ही जातं, नाडी मंदावणारी असेल तर हृदयाला पळता येत नाही. स्वतःच्या मनाने बंद करू नका, एवढंच करा की डॉक्टरांना मार्चमधेच जाऊन विचारा की उन्हाळ्यात डोस बदलायचा का. मनोविकाराची औषधं चालू असणाऱ्यांनी तर नक्कीच, कॅनडात ब्रिटिश कोलंबियाला २०२१ च्या लाटेत ६१९ माणसं गेली त्यात स्किझोफ्रेनियाचे पेशंट नजरेत भरण्याइतके जास्त होते. आणि त्या ६१९ पैकी ९८ टक्के घरात किंवा छताखालीच गेले, रस्त्यावर नाही.

बँकेत तासभर एसीत बसून येतात म्हणालात. चांगलंय, पण कॅनडात ओटावा युनिव्हर्सिटीत ग्लेन केनी (हे वेगळे केनी) ह्यांच्याकडे वयस्क लोकांना दिवसभर गरम खोलीत ठेवून मधे दोन तास गार खोलीत नेलं, तेवढ्यापुरतं तापमान उतरलं आणि गरम खोलीत परत आल्यावर काही वेळात पुन्हा तिथेच. गारवा पिगी बँकेत साठत नाही. त्याच टीमने वयस्कांसाठी घरातलं तापमान २६ च्या वर नको असंही सांगितलंय, हे मी अकोल्याला आईला सांगितलं तर ती म्हणाली २६ ला आम्ही स्वेटर घालतो. तिचंही बरोबर आहे, ते लोक कॅनडातले, मुरलेले नव्हते. पण त्याच ओटावाच्या चेंबरमधे २०२५ ला ४२ अंश आणि ५७ टक्के दमटपणात, म्हणजे वेट बल्ब ३४ च्या आसपास, माणसांना नऊ तास बसवायचं ठरवलं तर बऱ्याच जणांना नऊ तास पूर्ण करता आले नाहीत, रेघ वर ती वरच. पेनसिल्व्हेनियाचे आकडे हवेतले नाहीत ह्याची ती खात्री होती. असो, भरकटले.

शेवटचं, आणि हे दुकानातल्या पोऱ्याला पण सांगून ठेवा. वडील असंबद्ध बोलायला लागले, चिडचिड, तोल जाणं, ओळखीच्या गिऱ्हाइकाला नाव विचारणं, तर अंगाला हात लावून "घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही" असं ठरवू नका, घाम असतानाही उष्माघात होतो. काखेतला थर्मामीटर पण तेव्हा खोटं बोलतो, कातडी ओली असते. आधी गार करा, मग दवाखाना. अमेरिकेत फालमथच्या शर्यतीत उष्माघात झालेल्या २७४ धावपटूंना जागेवरच बर्फाच्या पाण्याच्या टबात घातलं आणि एकही गेला नाही. ते तरुण होते, टब तयार होता, तुमच्याकडे टब नसणार. पण शेजारच्या रसवंतीत बर्फाची लादी असते, पाण्याचा ड्रम असतो, चादर असते. सदरा काढायचा, भिजवलेली चादर अंगभर, वर बर्फाचं पाणी ओतत राहायचं, काखेत आणि जांघेत बर्फ, आणि आता पंखा फुल्ल, आता तो बरोबर आहे कारण अंग ओलं आहे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. १०८ ला फोन एकाने करायचा, पाणी ओतणाऱ्याने थांबायचं नाही.

रसवंतीवाल्याशी आजच बोलून ठेवा.